हजार पानांचे पुस्तक आणि शेतकऱ्याची पोरे

खेळणे पैसे देऊन विकत आणायचे असते, ही समजूत आपल्या खेड्यांत फार जुनी नाही. पोळ्याला नाही तर बेंदराला मातीचे बैल घरीच होत. ज्वारीच्या चिपाडाची गाडी, चिंचोके, सागरगोटे, सुताराच्या दारात तासभर ताटकळून करून घेतलेला भोवरा, विटी-दांडू. मुलींना लाकडाची ठकी, तीही नसली तर चिंध्यांची बाहुली. विकतचे म्हणून जे काय मिळे ते वर्षातून एकदा, जत्रेत. एखादे भिरभिरे, पिपाणी, फुगा. आणि ते घरी येईपर्यंत निम्मे मोडलेले असे.

आज त्याच घरातले चार वर्षांचे पोर दुकानाच्या फळीकडे बोट दाखवून पुड्याचे नाव घेऊन मागते. अजून ग म भ न येत नाही, पण पुडा बरोबर ओळखतो. पाच रुपयांच्या पुड्यात चमचाभर वाटाणे आणि उरलेली हवा, हे आईला कळते. पोराला कळत नाही, कारण त्याला वाटाणे नकोच असतात, आतले चित्र हवे असते.

हे आपल्याकडे आत्ता आत्ता झाले म्हणून आपल्याला नवल वाटते. पण मुलाला गिऱ्हाईक करण्याची विद्या शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी आहे, आणि तिचा एक मोठा धडा गिरवला गेला तो शहरात नव्हे, तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरांत. आज तीच हकिगत सांगतो.

अमेरिकेतला शेतकरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठी यंत्रे येतात. १८७० च्या सुमाराचा तिथला सर्वसाधारण शेतकरी मात्र आपल्या ओळखीचाच निघेल. घर एकाकी, शेजारी मैलभर लांब. जवळच्या गावात एकच दुकान. दुकानात मीठ-साखरेपासून नांगराच्या फाळापर्यंत सगळे मिळायचे, पण किमतीची चिठ्ठी कशालाच नाही. माणूस पाहून भाव. पैसे सुगीला द्यायचे, त्यामुळे घासाघीस करायला तोंड नाही. वाणी आणि सावकार एकच असला म्हणजे काय होते, ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको.

मॉन्टगोमेरी वॉर्ड नावाचा एक फिरता विक्रेता या दुकानांतून माल खपवत हिंडत असे. शेतकऱ्यांची कुरकूर त्याने कानांनी ऐकली होती. १८७२ साली शिकागोहून त्याने एक साधा कागद छापला. त्यावर १६३ वस्तू आणि प्रत्येकीपुढे किंमत. पत्र टाका, माल रेल्वेने येईल. शेतकऱ्यांची ग्रेंज नावाची संघटना तेव्हा जोरात होती, तिने वॉर्डला हात दिला. १८७५ पासून त्याने असेही जाहीर केले की माल पसंत पडला नाही तर पैसे परत. उधारीच्या दुकानात मान खाली घालून उभे राहणाऱ्या माणसाला हे वाक्य केवढे वाटले असेल!

वॉर्डच्या मागोमाग रिचर्ड सिअर्स आला. हा मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा स्टेशनावर रेल्वेचा नोकर. १८८६ साली एका सराफाने नाकारलेली घड्याळांची पेटी त्याने घेतली आणि मार्गावरच्या इतर स्टेशनमास्तरांना ती घड्याळे विकली. पुढे अल्व्हा रोबक हा घड्याळे दुरुस्त करणारा कारागीर त्याला मिळाला आणि १८९३ साली दोघांच्या नावाची पेढी उभी राहिली. सिअर्स जाहिरात स्वतः लिहायचा, आणि लिहायचा अशी की कोरडा माणूसही खिसा चाचपील. १८९५ चे त्यांचे मालाचे पुस्तक ५३२ पानांचे होते. पुढे ते हजारावर गेले. असे सांगतात की सिअर्सने आपले पुस्तक वॉर्डच्या पुस्तकापेक्षा मुद्दाम थोडे आखूड-अरुंद काढले. घरची बाई आवराआवर करताना लहान पुस्तक मोठ्यावर ठेवणार, म्हणजे आपलेच वर राहणार! ही गोष्ट खरी असो वा नसो, त्या माणसाला शोभते.

पुस्तक घरापर्यंत पोचवायला सरकारचाही हातभार लागला. पूर्वी टपाल आणायला शेतकऱ्याला गावी जावे लागे. १८९६ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वस्तीवर घरपोच टपालाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ साली ती पद्धत कायम झाली. १ जानेवारी १९१३ पासून टपालाने जड पार्सलेही जाऊ लागली. लोकांना या सोयीचे इतके कौतुक की त्याच महिन्यात ओहायोतल्या एका जोडप्याने आपले तान्हे बाळ, १५ सेंटचे टपालखर्च भरून, पोस्टमनच्या हाती आजीकडे धाडले. बाळ सुखरूप पोचले. पुढे टपालखात्याला माणसे पार्सलात घेण्यावर बंदी घालावी लागली.

आता असे पुस्तक घरात येऊन पडले म्हणजे ते सर्वांत जास्त कोण चाळणार? बाप दिवसभर शेतात, आई गोठ्यात आणि चुलीपाशी. हिवाळ्याच्या लांब रात्री दिव्याखाली ते पोरांच्याच मांडीवर. अनेक घरांत धर्मग्रंथाखेरीज दुसरे पुस्तक म्हणजे हेच. त्यावर मुले अक्षरे ओळखायला शिकली, किमतींच्या बेरजा करायला शिकली. नवे पुस्तक आले की जुने मुलींच्या ताब्यात. पोशाखांच्या पानांवरच्या बाया कापून त्या कागदी बाहुल्या करायच्या, दुसऱ्या पानावरच्या खुर्च्या-पलंग कापून त्यांचा संसार मांडायचा. म्हणजे भातुकलीच, पण चित्रातली. उरलेली पाने परसाकडेच्या खोलीत खिळ्याला लटकत. तिथेही ती उपयोगी पडत, कशी ते लिहीत नाही.

मला यातली खरी मेख इथे दिसते. मातीचा बैल करणाऱ्या पोराला जे हवे ते त्याच्या हातात असते. पुस्तक चाळणाऱ्या पोराला जे हवे ते पानावर असते, आणि मधे किंमत छापलेली असते. हवेसे वाटणे आणि मिळणे यांच्यामध्ये बापाचा खिसा आला. घरात मागणे, रुसणे, वाट पाहणे, ‘यंदा नाही, पुढच्या साली’ हे सारे आले.

आणि मागणारी पोरे कामाला चुकलेली नव्हती बरे का. १९०० सालच्या अमेरिकेच्या जनगणनेत १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाख मुले कमावती म्हणून नोंदलेली आहेत, त्यातली निम्म्याहून अधिक शेतीकामावर. कापूस वेचणे, मका सोलणे, धारा काढणे. नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत शाळा सक्तीच्या झाल्या, कारखान्यांतली मुलांची मजुरी बंद करण्याची चळवळ झाली, आणि १९३८ साली देशभराचा कायदा आला. शेतीला मात्र त्या कायद्याने बरीचशी सूट ठेवली. व्हिव्हियाना झेलायझर या विदुषीने १९८५ साली एका ग्रंथात हा बदल नेमका मांडला आहे. पूर्वी मूल घराला पैसा मिळवून देई. पुढे मुलाने मिळवायचे नाही, त्याच्यावर खर्च करायचा, असे झाले. त्याची माया वाढली आणि त्याच्यापायी होणारा खर्चही वाढला. मुलांच्या पाठीवरचे ओझे उतरले ही गोष्ट चांगलीच झाली, त्याबद्दल दुमत नको. पण दुकानदाराने या बदलाची आपल्यापरीने नोंद घेतली.

खेळण्यांचे म्हणाल तर पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत विकली जाणारी बरीचशी खेळणी जर्मनीतून येत. तिथल्या सोनबर्ग भागात घरोघर बाहुल्या आणि लाकडी प्राणी घडवले जात, आणि त्या घरांतली लहान मुले उशिरापर्यंत बसून ती रंगवत. एका मुलाच्या हातातले खेळणे दुसऱ्या मुलाच्या मजुरीतून आलेले, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकेतल्याच एका खेळण्याची जन्मकथा शेतकऱ्यांनी ऐकावी अशी आहे. मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या करणारी एक कंपनी होती. विहिरीचे पाणी उपसायला शेतकरी त्या पवनचक्क्या घेत. १८८६ च्या सुमारास धंदा मंद झाला. तेव्हा कंपनीने युक्ती काढली की पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला छर्ऱ्याची हवाई बंदूक भेट, म्हणजे अर्थातच पोरासाठी. झाले काय की पवनचक्की राहिली बाजूला आणि लोक बंदूकच मागू लागले. १८९५ साली कंपनीने आपले जुने नाव टाकून बंदुकीचे ‘डेझी’ हे नाव घेतले. पुड्यात चित्र टाकणारे आजचे कारखानदार याच पवनचक्कीवाल्याचे नातू-पणतू म्हणायचे.

गावातले दुकानदार अर्थातच खवळले. पुस्तकवाले गावाचा पैसा शिकागोला नेतात, अडीअडचणीला उधार मात्र आम्ही देतो, असे ते म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. काही गावांत भर चौकात या पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या, जो जास्त पुस्तके आणून देईल त्याला बक्षिसे लावली. आणि ती पुस्तके गोळा करायला कोण धावले असेल? पोरेच. वर्षभर ज्या पानांवर मन जडले ती पाने चार पैशांसाठी आगीत टाकायची, हाही व्यवहार ती शिकली.

पण या पुस्तकाची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना गावच्या दुकानात ताटकळत ठेवायचे, गोरी गिऱ्हाइके संपल्यावर त्यांच्याकडे पाहायचे, चांगला कपडा दाखवायचाच नाही, अशी रीत होती. टपालाने येणाऱ्या पत्राला रंग नसतो. काळ्या शेतमजुराने मागवलेला सदरा त्याच किमतीला, त्याच पेटीत येई. दुकानाच्या पायरीबाहेर उभे राहून माल घेण्याची पाळी ज्यांच्या आज्या-पणज्यांवर आली, त्यांना याचा अर्थ माझ्यापेक्षा अधिक कळेल. पुस्तकातच असेही बजावलेले असे की अक्षर चांगले नसले, भाषा वेगळी असली तरी भिऊ नका, जसे येईल तसे लिहा.

सिअर्सच्या पेढीचा पुढचा प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड. त्याने या धंद्यातून अमाप पैसा मिळवला. बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या शिक्षणकर्त्याच्या सांगण्यावरून त्याने दक्षिणेतल्या खेड्यांत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला मदत सुरू केली. अट अशी की गावकऱ्यांनीही पैसा किंवा अंगमेहनत घालावी. १९३२ पर्यंत अशा जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. पोरांना बाहुलीचा मोह घालणारा तोच पैसा, आणि पोरांच्या डोक्यावर शाळेचे छप्पर घालणारा तोच पैसा.

१९३३ साल फार कठीण होते. बँका बुडाल्या, धान्याला भाव नाही, शेते लिलावात जात होती. नेमक्या त्या वर्षी सिअर्सने नाताळासाठी वेगळे पुस्तक काढले. त्यात बाहुल्या, विजेवर चालणारी आगगाडी, मिकी माऊसचे मनगटी घड्याळ, मिठाया, एवढेच नव्हे तर जिवंत गाणारे पक्षीही होते. लोक त्याला ‘इच्छांचे पुस्तक’ म्हणू लागले आणि १९६८ साली कंपनीने तेच नाव मुखपृष्ठावर घेतले. शेतकऱ्याच्या घरात बाईचा म्हणून जो पैसा असे तो अंडी-लोण्याचा. आपल्याकडे कोंबड्यांचा पैसा जसा घरधनिणीच्या गाठीला असतो, तसाच. पोरांच्या किती इच्छा त्या गाठीतून पुऱ्या झाल्या याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

वॉर्डची पेढीही मागे नव्हती. नाताळात दुकानात येणाऱ्या मुलांना रंगवायची पुस्तके फुकट वाटण्याची तिची रीत होती. १९३९ साली तिने ठरवले की विकत आणण्यापेक्षा आपलीच गोष्ट लिहून घेऊ. काम पडले जाहिरात खात्यातल्या रॉबर्ट मे या नोकरावर. त्याच्यावर कर्ज होते, बायको कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. त्याच उन्हाळ्यात ती गेली. वरिष्ठांनी काम दुसऱ्याला देऊ का विचारले, त्याने नाही म्हटले आणि चार वर्षांच्या आपल्या मुलीला वाचून दाखवत गोष्ट पुरी केली. लाल नाकामुळे सगळे ज्याला हिणवतात असे एक रेनडिअरचे पिल्लू, त्याचे नाव रुडॉल्फ, आणि धुक्याच्या रात्री त्याच नाकाचा दिवा होऊन ते सांताक्लॉजची गाडी नेते, अशी ती गोष्ट. पहिल्याच नाताळात २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. १९४७ साली पेढीने गोष्टीचे हक्क मे याला देऊन टाकले, १९४९ साली तिचे गाणे झाले आणि ते जगभर गेले. आज आपल्याकडच्या शहरी शाळांतही नाताळात मुले हे गाणे म्हणतात. ते एका दुकानाच्या जाहिरातीतून जन्मले, हे त्यांच्या बाईंनाही बहुधा ठाऊक नसते. मला ती गोष्ट तरीही आवडते. दुःखातल्या बापाने लेकीला सांगितलेली आहे ती.

पुस्तकापर्यंत निदान एक सोय होती. पुस्तक आईच्या हातून मुलाच्या हाती जाई आणि आई ते फळीवर ठेवूनही देऊ शके. दूरदर्शन आल्यावर ती सोय गेली. १९५५ साली मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने मुलांच्या एका कार्यक्रमात वर्षाचे ५२ आठवडे जाहिरात करण्याचा करार केला. तोवर खेळणी मुख्यतः नाताळाच्या तोंडावर खपत. आता बारमाही हंगाम सुरू झाला. आणि दुकानदार आईबापांशी बोलायचे सोडून थेट मुलाशी बोलू लागला.

यावर तिथे भांडण झाले नाही असे नाही. १९७८ साली व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या अधिकाऱ्यांनी प्रस्ताव मांडला की ज्या वयाच्या मुलांना जाहिरात म्हणजे विक्रीचा डाव आहे हेच समजत नाही, त्यांना उद्देशून जाहिराती बंद कराव्यात. मुद्दा साधा होता. चार वर्षांच्या मुलाला गोष्ट आणि जाहिरात यांतला फरक कळत नाही, मग त्याच्याशी सौदा कसला? पण खेळणी, गोळ्या आणि न्याहारीचे गोड पदार्थ करणाऱ्या कंपन्या एकवटल्या. सरकारने देशभरच्या पोरांची दाई होऊ नये, अशी टर वर्तमानपत्रानेही उडवली. १९८० साली संसदेने आयोगाचे हातच बांधले आणि १९८१ साली प्रस्ताव गुंडाळला गेला. १९९० मध्ये पुन्हा एक कायदा झाला, त्याने मुलांच्या कार्यक्रमांत तासाला किती मिनिटे जाहिराती दाखवायच्या एवढीच मर्यादा घातली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने मात्र १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती बंद केल्या, त्या आजही बंद आहेत. स्वीडननेही १९९१ मध्ये १२ वर्षांखालच्यांसाठी दूरदर्शनवर तसेच केले, पण लंडनहून प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीपुढे तो कायदा लुळा पडला. कुंपण घातले तरी वरून आलेल्या टोळधाडीला काय करणार?

ती मोठी पुस्तकेही राहिली नाहीत. वॉर्डने १९८५ साली आपले पुस्तक बंद केले आणि सिअर्सने १९९३ साली. ज्या शहरी बाजारांनी गावच्या वाण्याला हटवले, त्यांना पुढे दुसऱ्यांनी हटवले.

आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या. खेड्यात एका घरी संच आणि ओसरीवर पन्नास पोरे, तो काळ पुष्कळांना आठवत असेल. आता संच प्रत्येकाच्या तळहातावर आहे. फोनवर एक पोर खेळण्याचा खोका उघडत बसते आणि दुसरे पोर तासन्‌तास ते पाहत बसते. हा खेळ आहे की जाहिरात, हे मोठ्यांनाही सांगता येत नाही.

आपले कायदे अगदीच गप्प नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला जाहिरातींचे नियम काढले. केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिन्यांवर चिप्स, सोडायुक्त गोड पेये अशा खाण्यापिण्याच्या जाहिराती दाखवायच्या नाहीत, हे त्यात आहे. भेटवस्तूचे आमिष दाखवून मुलांना गरज नसलेला माल घ्यायला लावण्यावरही त्यात बोट ठेवले आहे. म्हणजे पवनचक्कीवाल्याची ती जुनी युक्ती आपल्या नियमांत येऊन पोचली.

आणि एक नियम तर थेट तुमच्या गावचा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० साली निघालेला हा नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाला. त्याप्रमाणे जादा तेल, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. नियम पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी शाळेच्या चालकांवर टाकलेली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांची शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्या बैठकीत हा विषय कोणालाही काढता येतो. टपरीवाला आपल्यातलाच असतो, त्याचेही पोट आहे, तेव्हा भांडण न करता त्याला फळीवर शेंगदाणे-गुळाची चिक्की आणि फुटाणे ठेवायला सांगावे. ५० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण पासष्ट-सत्तर पावले.